तिसऱ्यांदा नको म्हणत नाहीत

शप्पथ! अक्षर न् अक्षर खरं आहे. एक शब्द जरी खोटा निघाला, तर माझ्या चुलीवरची कॉफी जन्मभर पाणचट होवो.

"द्या इकडे ते मेडल," व्हिटलॉकसाहेब म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

चर्चच्या तळघरात सगळं टॉस्टन लेक गाव जमलं होतं. थोरा ट्वेटनं एप्रनच्या खिशात मेडल मुठीत घट्ट धरलं. तिच्या पोरानं, सेल्मरनं, ऑलिंपिकमध्ये स्कीवरून उडी मारून ते आणलं होतं. आणि उडी कसली! पोरगं हवेत इतका वेळ राहिलं, की खाली पंच कॉफी पिऊन आले तरी हे आपलं वरच. रानबदकांचा थवा ह्याला वळसा घालून गेला. पोर एवढंसं होतं तेव्हा बापानं गोठ्याच्या छपरावरून त्याला घसरण बांधून दिली होती. बाप मेडल बघायला राहिला नाही. म्हणून थोरानं ते त्याच्या हॅटच्या खुंटीला टांगलं होतं. रोज सकाळी खुंटीकडे बघून ती एवढंच म्हणायची, "बघितलंत ना?"

आणि आता फिलाडेल्फियाहून आलेला हा माणूस ते न्यायला बसला होता.

साहेब कसल्याशा चौकशी समितीचे. त्यांचा नियम साधा. खेळाडू हौशी पाहिजे. खेळाबद्दल काही घेतलं, की तो धंदेवाईक, की मेडल परत. परत घेतलेली मेडलं खरं तर कचेरीत जायची, पण ती साहेबांच्याच पेटीत मखमलीवर विसावली होती. एका पोहणाऱ्यानं घड्याळ घेतलं होतं, एका धावणाऱ्यानं डुकराची तंगडी. साहेब एकेक मेडल रेशमी रुमालानं पुसून दाखवत होते, नवी सून दागिने दाखवते तसं. मधला एक खळगा रिकामा होता. तिकडे नजर गेली की साहेब ओठांवरून जीभ फिरवत.

साक्षीला आर्विड लोकेन उभा होता, गावातल्या लोण्याच्या कारखान्याचा मालक.

"तुम्ही ह्याला उडीबद्दल गाय दिलीत?" साहेबांनी सेल्मरकडे बोट करून विचारलं.

"दिली. नको म्हणाला."

"मग?"

"पुन्हा दिली. पुन्हा नको म्हणाला."

"मग ती ह्याच्या गोठ्यात कशी?"

"तिसऱ्यांदा दिली ना!" लोकेन म्हणाला. "तिसऱ्यांदा नको म्हणायला पोराला काय वळण नाही का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. टॉस्टन लेकमध्ये दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. घराला आग लागली आणि शेजारी बादली घेऊन धावत आला, तरी दोनदा "राहू दे हो, विझेल आपोआप" म्हणायचंच. ओलेसनचं अर्धं घर असंच गेलं. पण माणसं रीतीची!

"ते दोनदा नको म्हटलेलं मी धरत नाही," साहेब म्हणाले. "शेवटी घेतली ना? संपलं. हा धंदेवाईक."

सेल्मर कानापर्यंत लाल झाला. "आई, देऊन टाक," तो पुटपुटला.

थोरा उठली. पण साहेबांकडे गेली नाही, चुलीकडे गेली.

"आधी कॉफी," ती म्हणाली. "एवढ्या बर्फातून येता, साहेब. पगार दणकून देत असतील, नाही?"

"पगार?" साहेबांनी छाती फुगवली. "बाई, मी स्वतः हौशी माणूस. ह्या कामाबद्दल कुणाकडून काही घेतलं, तर ह्या खुर्चीवर बसायचा हक्क उरणार नाही मला."

"असं का," म्हणत थोरानं डब्याचं झाकण काढलं. आत लोण्याचा केक. वास असा सुटला, की तळ्यातले मासे खालून बर्फाला धडका द्यायला लागले.

"घ्या, साहेब."

"नको, नको. कामावर आहे."

"एवढासा तुकडा."

"अहो, खरंच नको."

थोरानं बशी त्यांच्या नाकाखाली धरली. "चव तरी बघा."

साहेबांचा हात पुढे आला. मेडलसाठी आला होता त्याहून लवकर आला. अर्धा तुकडा एका घासात गडप. मिशीला लोणी.

"झालं!" थोरानं टाळी वाजवली. "घेतलंत! आता तुम्हीही धंदेवाईक. उठा त्या खुर्चीवरून."

"केकचा तुकडा म्हणजे काय मोबदला झाला?"

"त्याच गाईचं लोणी आहे त्यात. गाय मोबदला, तर लोणी कसं नाही?"

साहेब ताडकन उठले. चेहरा बिटासारखा झाला होता. "पण मी दोनदा नको म्हणालो होतो!" ते ओरडले.

मग लोकेननं अगदी मऊ आवाजात विचारलं, "म्हणजे ते धरायचं का, साहेब?"

असा हशा उसळला, की चर्चच्या छपरावरचं सगळं बर्फ धाडकन खाली आलं आणि साहेबांची मोटार त्यात गाडली गेली. गावकरी म्हणाले, "आम्ही काढून देतो." साहेब पहिल्याच फटक्याला हो म्हणाले. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कसं हो वाढवलं असेल ह्याला आईनं!

मेडल राहिलं, गायही राहिली.

आता शप्पथ घेतलीच आहे, तर सांगून टाकते. मासे खरे, बर्फ खरं, बदकं तर मी ह्या डोळ्यांनी बघितली. एक गोष्ट तेवढी बनावट आहे, आणि तीही माझ्या पदरची नाही, लोकेनच्या. सेल्मर एकदाही नको म्हणाला नव्हता. लोकेनच्या तोंडातून 'गाय' पुरतं बाहेर पडायच्या आत ह्यानं दावं धरलं होतं. मेडल गेलं असतं, तर उडी मारून दुसरं आणता आलं असतं. हे बाहेर पडलं असतं, तर त्याला मुलगी कुणी दिली असती?