चार सेंटिमीटर

जावातल्या त्या खेड्यात एकही खुरटलेले मूल उरले नसल्याचे मूल्यमापनात सिद्ध झाले, आणि मुलांना रोज मिळणारे अंडे बंद झाले. बालकेंद्रात उंची मोजणाऱ्या मुर्नीच्या लेकीला मात्र गेल्या ईदचा झगा अजूनही ढगळच होत होता. मुर्नीने केंद्राच्या भिंतीवरची मोजपट्टी तपासली आणि तडक मूल्यमापन अधिकाऱ्यांना गाठले.

"साहेब, तुमच्या स्वागताला केंद्रात नवी फरशी घातली, पण पट्टी जुन्याच खिळ्यावर राहिली. पोरं नाही वाढली, जमीन चार सेंटिमीटर वर आलीय."

"मुर्नीताई, तुमची लेक सरकारदरबारी उंच झालीय," अधिकारी हसून म्हणाले. "आई असून तिला पुन्हा बुटकी करता?"



पुढच्या महिन्यात तालुक्यातल्या उरलेल्या सगळ्या बालकेंद्रांना नवी फरशी मंजूर झाली.