ठरलेली जागा

"डॉक्टर, परवापासून दोघांनी एक लेंडी टाकलेली नाही. नुसते वास घेत फिरतायत," मृदुला म्हणाली. फार्म-स्टेच्या पाहुण्यांसाठी हौसेने आणलेल्या, लांब मानेच्या लोकरी लामांच्या जोडीने आता चाराही टाकला होता.

डॉक्टर बागवानांनी दोघांची पोटं चाचपली, मग खाली वाकून जमीन हुंगली. "फिनेल?"

"पाहुणे येतात ना! कोपऱ्यात लेंड्यांचा ढीग साचला होता. तो उचलून सगळं लख्ख धुतलं."

"तिथेच घोटाळा झाला. लामा कुठेही घाण करत नाही. त्याची जागा ठरलेली असते आणि ती त्याला वासावरून सापडते. तुम्ही ती पुसून टाकलीत. उकिरड्यावरच्या जुन्या लेंड्या आणून कोपऱ्यात टाका."

मृदुलाने नाक मुरडत घमेलं भरून आणलं. ते रिकामं व्हायचा अवकाश, लामा धावत आले आणि आधी एक, मग दुसरा, शिस्तीत मोकळे झाले.

कुंपणाशी उभे राहून तिचे सासरे, अण्णा, हे सगळं बघत होते. मग ते पायरीवर टेकले, उठले, कट्ट्यावर जाऊन टेकले. ओसरीवरची त्यांची बाज मृदुलानेच दिवाळीत अडगळीत टाकली होती. तिथे आता पाहुण्यांचा झोपाळा होता. तेव्हापासून अण्णांचं जेवणही कमी झालं होतं.

मृदुलाने हात धुतले, झोपाळा काढला आणि बाज ओढत आणून जुन्या जागी टाकली.

अण्णांनी सुंभावरून हात फिरवला आणि आडवे होत म्हणाले, "चला, लामांनंतर का होईना, आमचा नंबर लागला."