मालनचा सीन

तिसऱ्यांदा "वाचवा!" अशी किंकाळी फोडून नटी दारात कोसळली, आणि घाटकोपरच्या त्या चाळीतल्या बायकांनी नाकं मुरडली. जमत नव्हतं बयेला.

मालनचा खून जिथे झाला त्याच खोलीत दूरदर्शनच्या मालिकेसाठी शूटिंग चाललं होतं. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी नवऱ्याने तिला इथेच मारलं होतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा अख्ख्या चाळीने एकच सांगितलं: टीव्हीवर सिनेमा चालू होता, कुणाला काही ऐकू आलं नाही. आज मात्र चाळ हळदीकुंकवाला निघाल्यासारखी नटली होती. नलिनीनेही ठेवणीतली साडी काढली होती.

नलिनीची खोली मालनच्या शेजारची, मधे एकच भिंत. मालनची आई सोनूबाई नाहूरहून आली होती आणि नलिनीकडेच चहा घेत बसली होती. म्हातारी सणासुदीला न चुकता यायची आणि दर वेळी तेच बोलायची, "तुका ऐकाक इला असता तर तू धावान इलंच असतंस गो." नलिनी मान खाली घालायची आणि चहा ओतायची.

"काय मंडळी, असंच झालं असेल ना?" दिग्दर्शक विद्याधरने गॅलरीतल्या गर्दीला विचारलं.

"छे! एवढी कुठे ओरडली होती ती," समोरची वनमाला म्हणाली.

"आधी भिंतीवर ठोकलं तिने," कोपऱ्यातल्या खोलीतले अण्णा पुढे सरसावले. "मग दाराकडे धावली."

"हां, म्हणजे भिंतीवर हात आपटायचा," विद्याधरने नटीला समजावलं.

"हाताने नाही हो, लाटण्याने," नलिनी आपल्या दारातून म्हणाली. "आम्ही दोघी एकमेकींना तसंच बोलवायचो."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"झकास! हे आधी नाही का सांगायचं, वहिनी?" विद्याधर खूश झाला. त्याने लाटणं आणायला माणूस पिटाळला.

गॅलरीत कुणी कुणाकडे बघेना. वनमाला उगाच पदर सारखा करत राहिली. आत सोनूबाईने कपबशी खाली ठेवली.

"म्हणजे माझ्या चेडवान, माझ्या मालनीन, तुकाच साद घातल्यान."

"मावशी, नवरा-बायकोचं भांडण वाटलं हो. रोजचंच होतं त्यांचं..." नलिनी म्हणाली. त्या संध्याकाळी ठोकणं ऐकून आपण उठलो आणि टीव्हीचा आवाज वाढवला, एवढं तिने गिळलं. शरमेने तिला म्हातारीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"सायलेन्स!" बाहेरून आरोळी आली. सगळी चाळ गप्प झाली. गप्प बसणं तिला छान जमायचं.

भिंतीपलीकडून लाटणं वाजलं. नटीने ठोकलं, थांबली, पुन्हा ठोकलं. नलिनीचा पाय जागचा हलेना.

सोनूबाई गुडघ्यावर हात रेटून उठली. भिंतीपाशी गेली आणि तिने भिंतीला तळवा टेकवला.

"इलंय गो बाय," ती म्हणाली. "इलंय."