दाण्यांत काही नव्हतं

जिवल्या भगत कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि अख्खं गाव नदीच्या काठावर लोटलं होतं. भगतच बाटतोय म्हटल्यावर घरी कोण बसेल? बायका पोरं काखेला मारून आल्या होत्या, म्हातारे धुण्याच्या दगडांवर जागा धरून बसले होते. पालघरहून आलेले ख्रिस्ती पाळक, चंद्रभान मास्तर, पांढरा सदरा घालून जिवल्याच्या शेजारी पाण्यात उभे होते. पाणी चांगलंच गार होतं. मास्तरांचे दात वाजत होते, तरी चेहरा प्रसन्न होता.

काठावरच, पण सगळ्यांपासून लांब, करंजाच्या झाडाखाली ठकी एकटी उभी होती. दहा वर्षांनी ती या नदीवर आली होती. जिवल्यानं सुपातले दाणे पाहून तिला करणी करून माणसं मारणारी भुताळी ठरवलं, गावानं मारून हाकललं, आणि तेव्हापासून ती मिळेल ते काम करत फिरली. आता कुंभवलीला झोपडी बांधून तारापूरच्या वीजघराच्या कामावर खडी वाहत होती. काल जिवल्या, नदीवर ये म्हणायला, पायी तिच्या दारात गेला होता. "येईन, पन बोलनार नाय," एवढंच ती म्हणाली होती. आली, हेच खूप झालं.

"जिवल्या," मास्तर मोठ्यानं म्हणाले, "तुला तुझ्या पापांचा पश्चात्ताप झाला आहे का?"

इथं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आठवडाभर तशी तालीमही झाली होती.

"झाला हाय," जिवल्या म्हणाला. "म्हनून जरा थांबा. मला गावाशी बोलायचं हाय."

"अरे, देवाला सांगितलंस ना? झालं तर मग."

"देवाला ठावंच व्हतं. गावाला नाय."

तो काठाकडं वळला.   आजवर या लोकांपुढं तो बोलला होता तो वारं अंगात आणून. आज अंगात कुणी नव्हतं, एकट्यालाच बोलायचं होतं, आणि त्याला भयंकर भीती वाटत होती.

"ठकी भुताळी नाय. मी खोटं बोललो."

 मग चिंतू पुढं आला, पार पाण्यापर्यंत. ठकीला हाकललं त्या साली त्याचाच थोरला पोरगा गेला होता, आणि त्याच्याच सुपात जिवल्यानं दाणे पाहिले होते.

"मग माजा पोर कशानं मेला?"

"तापानं. नायतर आनिक कशानं. मला ठावं नाय रे, तेव्हाबी नव्हतं. दाण्यांत काय दिसलं नाय. तू सूप घेऊन आलास, तुज्या मागं सगळा पाडा. भगताला ठावं नाय, असं म्हनायची मला लाज वाटली."

चिंतूनं ओल्या मातीचं ढेकूळ उचललं आणि हाणलं. ते बरोबर छातीवर बसलं. जिवल्या जागचा हलला नाही. मागून एक म्हातारी ओरडली, "आनि आमच्या सुनंचं सांगितलंस, तेबी खोटंच का?" मग एकच गलका झाला. कुणी म्हणालं पाद्र्यानं पढवलंय, कुणी म्हणालं म्हातारा चळला.

ठकी न बोलायचं ठरवून आली होती. पण त्या गलक्यातून करंजाखालून तिचाच आवाज आला.

"माजंच नाव का रे, जिवल्या?"

हा प्रश्न येणार, हे त्याला ठाऊक होतं. मार खायची त्याची तयारी होती, याची नव्हती. 

"तुजा नवरा मेलेला. भाऊ नाय. तुज्यासाठी काठी घेऊन कोन येनार नव्हतं."

 काही जणांनी खाली पाहिलं, कारण त्या दिवशी काठ्या त्यांच्याच हातात होत्या.  मास्तरांनी जिवल्याचा दंड धरला आणि ते हळूच म्हणाले, "बाहेर चल. पुढच्या रविवारी पाहू."

"आज," जिवल्या म्हणाला. "उद्या मला धीर व्हनार नाय."

ठकी झाडाखालून निघाली, वाट न सोडणाऱ्या माणसांना वळसा घालून पाण्याच्या कडेशी आली. जिवल्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"मास्तर, बुडवा त्याला," ती म्हणाली. "घाई करू नका. नीट बुडवा."

मास्तरांनी त्याचं डोकं धरलं. पित्याच्या नावानं पहिली बुडी. जिवल्या वर आला तेव्हा चिंतू पाण्याकडं पाठ करून खाली बसला होता. दुसरं ढेकूळ त्याच्या हातात तसंच होतं.

पुत्राच्या नावानं दुसरी. वर आला तेव्हा चिंतूची बायको सोमी धाकट्याला काखेत घेऊन निघाली होती. ठकीला झिंज्या धरून गावाबाहेर ओढली होती ती हिनंच. बायका तिचा पदर मागं ओढत होत्या आणि ती पुढंच चालली होती.

पवित्र आत्म्याच्या नावानं तिसरी. नाकातोंडात पाणी गेलं. त्यानं खोकत खोकत डोळे पुसले.

सोमी ठकीच्या समोर उभी होती.  पोरानं ठकीचं बोट मुठीत धरलं होतं, आणि सोमी ते सोडवत नव्हती.