नुसता गोंगाट

शस्त्रक्रियेत बाबांचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून घरात चमचा पडला तरी दचकायला होतं. मी बनवलेली कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पट्टी त्यांच्या गळ्यावर चिकटवली. तिच्यातल्या स्फटिकांवर जरासा दाब आला की वीज तयार होते, संगणकावर लाट उमटते. त्यांचं गिळणं तपासायचं होतं. बाबा पाणी प्यायले, लाट आली. पण पेला ठेवल्यावरही रेघ वळवळतच राहिली. तारा चाचपल्या, पंखा बंद केला, पट्टी बदलली. तरी थांबेना. "सिग्नलमधला नुसता गोंगाट आहे, गाळून टाकते," मी म्हणाले. आई मात्र पडद्याकडे बघत रेघेच्या तालावर टेबलावर बोटं वाजवत होती. "थांब. हे मनातल्या मनात गुणगुणतायत, त्यानं गळा हलतोय." बाबा चोरी पकडली गेल्यासारखे हसले. जन्मभर त्यांच्या गाण्याला 'आता पुरे' म्हणणारी आई खुर्ची ओढून जवळ सरकली. "पुन्हा म्हणा, पहिल्यापासून. आणि दुसऱ्या ओळीला नेहमीसारखी घाई करू नका!"