उन्हाळी

"चावी दे."

"नाही देत."

लिफ्टवाल्याने कप्तानच्या जॅकेटची कॉलर धरली. पेट्रोल पंपाच्या मागच्या बाजूला, संडासांच्या भिंतीपाशी दोघे उभे होते. घाटाआधीचा हा शेवटचा पंप. कप्तानच्या टोळीतले बाकीचे पाच जण पुढे मोटरसायकलींच्या चाकांत हवा भरत होते. त्यांना वाटलं, घाटात कुणी पुढे राहायचं यावरून जुंपली असेल.

झालं होतं ते असं. लिफ्टवाला संडासात जाऊन आला. फ्लश ओढला तर टाकी कोरडी. त्याच्यामागून कप्तान आत गेला, आणि बाहेर आला तो तडक लिफ्टवाल्याच्या गाडीकडे. चावी उपसून त्याने खिशात टाकली.

"भांडं लाल आहे आतलं," कप्तान म्हणाला. "कधीपासून चाललंय हे?"

"उन्हाळी लागलीय. लिफ्ट दुरुस्त करत दिवसभर तिच्या टपावर उभं राहायचं, पाणी पिणं होत नाही. तुला कशाला नसत्या चौकशा?"

"आग होते?"

"नाही."

"दुखतं?"

"नाही म्हटलं ना!"

"मग ती उन्हाळी नाही. मागे फिर. आत्ता दवाखान्यात जायचं."

लिफ्टवाल्याचं टाळकं सटकलं. दवाखान्यात जायला तो काय आजारी होता? लिफ्टच्या बारा मजली बोळकांडीत लोंबकळून तारा ओढणारा माणूस तो. घरी याची कुणाला दाद लागू दिली नव्हती त्याने. हल्ली तो स्वतःच्या चड्ड्या स्वतः धुवायचा, आणि बायको बहिणीला फोनवर कौतुकाने सांगायची, की आमचे हे या वयात सुधारले बाई. आणि आता हा कोण टिकोजीराव लागून गेला, त्याला मागे फिरवणारा?

"आठ वर्षं तुझ्या मागून गाडी चालवली," तो ओरडला. "एकदा उलट बोललो नाही. आणि तू पोरासारखी माझी चावी काढून घेतोस? कप्तान म्हणतो म्हणून माझा बाप झालास काय?"

"ओरड. पण फिर मागे."

"आणि मग? सांग ना, मग काय? कापतील मला. नळ्या लावतील. काम गेलं, गाडी गेली. चारचौघांत तोंड दाखवायची सोय नाही. बायकोने उठवायचं, बायकोने पुसायचं. मला नको ते. त्यापेक्षा घाटात मेलेलं परवडलं."

कप्तानने एकदम त्याला दोन्ही हातांनी भिंतीवर ढकललं. इतकं जोरात, की लिफ्टवाल्याच्या हातातलं हेल्मेट गडगडत मोरीपर्यंत गेलं. कप्तान असा चिडलेला त्याने कधी पाहिला नव्हता. कप्तानने जॅकेटची चेन खाली ओढली, आतला शर्ट वर केला.

बेंबीच्या उजव्या अंगाला पोटावर एक पिशवी चिकटवलेली होती. पातळ, पारदर्शक. तळाशी पिवळं पाणी.

"बघ," कप्तान म्हणाला. "तोंड फिरवू नकोस, नीट बघ. मीही उन्हाळीच म्हणत होतो. सब्जा खाल्ला, जिऱ्याचं पाणी प्यालो, बायकोवर खेकसलो. वर्ष घालवलं. लगेच गेलो असतो तर दुर्बीण घालून गाठ खरवडली असती आणि भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. माझी आतली लघवीची पिशवीच काढावी लागली. आता ही बाहेर. आणि तू मला मरायच्या गोष्टी सांगतोस?"

शर्ट खाली करून त्याने चावी लिफ्टवाल्याच्या हातावर आपटली.

"घे. घाटात जा, नाहीतर मसणात जा."

लिफ्टवाल्याने चावी मुठीत धरली. मोरीतून हेल्मेट उचललं, पुसलं, घातलं. गाडी सुरू केली. पंपाच्या तोंडाशी तो क्षणभर थांबला. डावीकडे घाट. पुढच्या पाचांनी हात केला. त्याने हँडल उजवीकडे वळवलं, शहराकडे, आणि एवढ्या जोरात गेला की मागे धुरळा उठला.

कप्तानने त्याला रेल्वे फाटकावर गाठलं. फाटक बंद होतं. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी फुरफुरत उभ्या राहिल्या. लिफ्टवाल्याने हेल्मेटची काच वर केली. राग अजून उतरला नव्हता, पण आवाज फाटला.

"आणि गाडी? ती पिशवी लावल्यापासून असा घाट किती वेळा चढलास तू?"

"गाढवा," कप्तान म्हणाला, "तू मला पहिल्यांदा भेटलास, तेव्हाही ही पिशवी होतीच."