दिवाणजींचा आवाज

पडद्यावर हाईमने तोंड उघडलं आणि आतून शशीचा आवाज बाहेर पडला.

हाईम चेऊलकर लंडनमधल्या हॅरोच्या थिएटरात, रविवारच्या मॅटिनीला, आठव्या रांगेत बसला होता. आधी त्याला वाटलं, मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय. मग पडद्यावरचा हाईम दुसरं वाक्य बोलला. तेही शशीच्याच आवाजात. बिघाड इतका नीट नसतो.

सोळा वर्षांत तो अमेरिकन कंपन्यांच्या एकतीस सिनेमांत मेला होता. लंडनबाहेरच्या स्टुडिओत वाळवंट उभं केलं की अरब म्हणून, डोंगर उभा केला की मेक्सिकन दरोडेखोर म्हणून, एकदा तर एस्किमो म्हणून. प्रत्येक वेळी मुकाट्याने. या बत्तिसाव्या सिनेमात मात्र तो राजाचा दिवाण होता. अकरा वाक्यं होती, आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं होतं.

म्हणून तर आई कॉव्हेंट्रीहून कोच-बसने आली होती. तिला आता दोन्ही डोळ्यांनी नुसता उजेड कळायचा. लेक सिनेमात असतो, हे ती सोळा वर्षं लोकांच्या तोंडून ऐकत आली होती. आज ती त्याच्या तोंडून ऐकणार होती.

"हा आपला शशी," ती म्हणाली. "शशीपण आहे होय यात? बोलला नाहीत ते."

हाईमच्याच घरात राहणारा त्याचा मित्र शशिकांत आईच्या पलीकडे बसला होता. आइस्क्रीमचा टब केव्हाच संपला होता, तरी तो लाकडी चमच्याने तळ खरवडत होता.

हाईम आईच्या पाठीमागून वाकला. "शशी, तो तू आहेस."

"तूच आहेस रे," शशी म्हणाला. "मी नुसता आवाज."

"कधी?"

"तुझा डबा द्यायला आलो होतो ना स्टुडिओत, तेव्हा त्यांच्या साउंडवाल्याने मला ऐकलं. नंतर फोन आला. म्हणाले, नट फर्स्ट क्लास आहे, पण बोलतो तेव्हा इंडियन वाटत नाही."

हाईमचं इंग्रजी त्याने स्वतः घासून घडवलं होतं. तोंडासमोर पेटती मेणबत्ती धरायची आणि 'पी' असा म्हणायचा की ज्योत थरथरली पाहिजे. शशी हॅरो स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसायचा, त्याला सुपरवायझर व्हायचं होतं. म्हणून हाईमने त्यालाही दर रविवारी मेणबत्तीसमोर बसवलं. चार वर्षं. शशीने एकदाही ज्योत हलवली नाही. त्याच्याइतका ढ विद्यार्थी हाईमला मिळाला नव्हता, आणि नेमकी तीच विद्या कंपनीला हवी होती.

"मला सांगायचं तरी."

"सांगणारच होतो. पण तू मावशींना कोचचं तिकीट धाडलंस."

"कंपनीला नाही म्हणायचं मग."

"तेही म्हणणार होतो. मग वाटलं, दुसऱ्या कुणी केलं असतं तर वेडंवाकडं केलं असतं. निदान घरातल्या घरात राहिलं."

पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, "डू यू माइंड?" हाईमने त्याची माफी मागितली. ती इतक्या खानदानी इंग्रजीत मागितली, की तो माणूस या दोघांना सोडून अंधारात मागे कोण साहेब बसलाय ते शोधत राहिला.

"भांडताय काय रे?" आई म्हणाली. "मला सांग ना काय चाललंय. शशी का ओरडतोय?"

पडद्यावर दिवाणजी दलदलीत कमरेपर्यंत रुतले होते. ती दलदल चिखल आणि ओट्सच्या लापशीची होती. हाईम तिच्यात चार दिवस उभा राहिला होता, आणि चारही दिवस स्वतःच्या आवाजात ओरडला होता.

तो आईच्या कानाशी वाकला. "शशी बुडतोय."

"अगं बाई. कुठे?"

"दलदलीत. छातीपर्यंत आलंय."

"मग कुणी काढत नाही त्याला?"

सोनेरी केसांच्या नायकाने काठावरून दोर फेकला. तो बरोबर दिवाणजींच्या हातात पडला. थिएटरात दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

"मित्र आहे काठावर," हाईम म्हणाला. "दोरही आहे त्याच्या हातात. टाकत नाहीये."

"टाकलाय की," शशी कुजबुजला. "मावशी, टाकलाय दोर. मी बघतोय ना."

"तू गप्प बस रे," आई म्हणाली. "बुडणाऱ्याला काय दिसतं? हाईम, तू सांग."

"आता गळ्यापर्यंत," हाईम म्हणाला. त्याचा आवाज स्वच्छ होता, एकेक शब्द सुटा. "आता नाकापर्यंत. मित्र अजून बघतोच आहे. गेला."

आईने च्च केलं.

पडद्यावर दिवाणजी काठावर आले. चिखलाने माखलेले, धापा टाकत, एकतीस सिनेमांनंतर पहिल्यांदा जिवंत. त्यांनी नायकाचे पाय धरले आणि शशीच्या आवाजात त्याचे आभार मानायला सुरुवात केली. अकरातली सगळ्यात लांब चार वाक्यं तिथेच होती.

"गेला म्हणालास," आई म्हणाली. "मग हा बोलतोय कसा?"

"यांच्यात बोलतात, आई. मेल्यावरही."

शशीने रिकामा टब खुर्चीखाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसला.

"बरं, असू दे," आई म्हणाली. तिने पदर सावरला, खुर्चीत पुढे सरकली आणि उजवा कान पडद्याकडे केला. "तू कधी येतोस?"